तिसरा रकाना

३ नोव्हेंबर, रविवार

सुचित्रा भाऊबिजेला माहेरी गेली आहे. पूजा आटोपली, घर शांत आहे, म्हणून कालचं सविस्तर लिहितो.

काल हरेश्वर मंडळात आला. दोन वर्षांनी. वरळी कोळीवाड्यातून आमच्या भोईवाड्यात कॅरम खेळायला तो वीस वर्षं येत होता. मग बोटीवर जाळं ओढताना विंचच्या दोरात त्याचा उजवा हात सापडला. तर्जनी मुळापासून गेली, मधलं बोट पहिल्या पेरापर्यंत उरलं. तेव्हापासून त्याने मंडळाची पायरी चढली नव्हती. काल आला तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, लग्नाला आल्यासारखा. त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून मोरपंखी रंगाचा एक स्ट्रायकर काढला आणि बोर्डाच्या मधोमध ठेवला.

"तरंग," म्हणाला. "दिवाळीच्या आठ दिवस आधी बाजारात आलाय."

नेहमीच्या स्ट्रायकरची कड सरळ उभी असते. याची कड मध्ये आत गेलेली आहे, डमरूच्या कमरेसारखी. सगळे वाकून बघायला लागले. आमचा सेक्रेटरी विनीत, वय तिशीचं, त्याने फोनवर याचे व्हिडिओ आधीच बघितले होते.

"हा सरळ माराचा आहे. कटला मरणार," तो म्हणाला.

"कट पण बसतो."

"काका, एवढा जड स्ट्रायकर कटला कोण वापरतो?"

"वजन किती ते नको बघू रं. वजन कुठंय ते बघ. सगळं वरच्या-खालच्या काठाला आहे, पोट हलकं."

"म्हणजे याला ठेवायचा कशात? सरळवाल्यात की कटवाल्यात?"

मंडळाचे अध्यक्ष अप्पा खुर्चीतून म्हणाले, "आमच्या वेळेला एकच स्ट्रायकर अख्ख्या चाळीत फिरायचा. त्याची जात कोणी विचारली नाय. बसव रे हरेश्वर, मार."

हरेश्वरने मारला. उरलेलं थोटं बोट त्या खाचेत बसतं, निसटत नाही. समोरच्या भोकात एक, कटने दुसरी, मग मागच्या भोकात तिसरी. एका हातात सात सोंगट्या घेतल्या, राणी घेतली आणि कव्हरही केली. थांबला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. अप्पांनी उपरण्याने डोळे पुसले. मलाही आनंद झाला. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

सोंगट्या सातच होत्या, मी मोजल्या. गेल्या दोन वर्षांत एका हातात सात मला एकदाही जमल्या नाहीत.

मी मंडळाचा साहित्य तपासनीस आहे. कुठलाही नवा स्ट्रायकर आधी माझ्याकडे येतो आणि मग भिंतीवरच्या फळ्यावर त्याची नोंद होते. फळ्यावर तीन रकाने आहेत. पहिला सर्व सामन्यांसाठी, दुसरा फक्त सरावासाठी. तिसरा विशेष गटाचा. मागे अपंगांसाठी स्पर्धा घ्यायचं ठरलं होतं, तेव्हा अप्पांनी तो आखून घेतला. स्पर्धा झाली नाही. रकाना आजवर कोराच आहे.

मी हरेश्वरकडून तरंग तपासणीसाठी मागून घेतला. त्याने देताना रुमालही दिला. "यातच ठेव," म्हणाला. "चरा पडायला नको."

५ नोव्हेंबर, मंगळवार

रे रोडच्या वखारीत मी गेली सव्वीस वर्षं लाकूड मापतो. हाताला माप कळतं. तरी व्हर्निअर लावून बघितलं. व्यास नियमात आहे. लालबागच्या एका सोनाराकडे वजन केलं, साडेचौदा ग्रॅम. पंधरापर्यंत चालतं. धातू नाही, हस्तिदंत नाही. कडेबद्दल नियमात एवढंच आहे की ती गोल आणि गुळगुळीत हवी. गोल आहे. गुळगुळीत आहे.

आजच पहिल्या रकान्यात नाव लिहायला हरकत नव्हती. पण घाई करू नये. मापात बरोबर असलेला ओंडकाही कापल्यावर आतून पोखरलेला निघतो, हे मी रोज बघतो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मंडळात दुसरा विषयच नाही. जानेवारीत सगळ्या मंडळांमधला कॅरम चषक आहे. प्रौढ गटात प्रत्येक मंडळातून एकच नाव जातं. गेली दोन वर्षं आमच्याकडून माझं जातं. त्याआधी अकरा वर्षं हरेश्वरचं जात होतं. कपाटातल्या अकराही कपांवर त्याचंच नाव आहे. मला बाहेरचे लोक तेव्हा "हरेश्वरबरोबर येतो तो" म्हणत. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

आज हरेश्वर खुर्ची ओढून थेट म्हणाला, "जगदीश, तरंगला पहिल्या रकान्यात घाल. मी एकदा चषक खेळतो. मग मेलो तरी चालेल."

"मरायची गोष्ट कशाला," मी म्हटलं. "तपासणी चालू आहे."

विनीत म्हणाला, "पण काका, एक डाऊट आहे हां. खाचेत बोट अडकवलं की तुम्ही स्ट्रायकर मारता की ढकलता? ढकलला तर फाऊल."

"तू नीट बघितलंस ना? मी मारला."

"अर्ध्या बोटाने मारला की ढकलला, कसं कळणार? स्लो मोशन लावू?"

दोघंतिघं हसले. हरेश्वरही हसला. "लाव. आमच्या दमयंतीला पण दाखव. ती म्हणते, उरलंय त्यात तरी नीट वाग."

अप्पांनी मला बाजूला घेतलं. "नाव तुझं नायतर त्याचं जाणार. मग तपासणी तू करणं बरं दिसेल का? दुसऱ्या कोणाला देऊ?"

मी म्हटलं, "अप्पा, माझ्यावर विश्वास नाही का?"

त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "आहे रे बाबा."

विनीतचा मुद्दा मात्र खरा आहे. मी स्वतः त्याचा विचार केला नव्हता, याची लाज वाटली.

१० नोव्हेंबर, रविवार

मंडळाची एक किल्ली माझ्याकडे असते. सकाळी स्नान करून साडेसहाला गेलो आणि तरंग स्वतः खेळून बघितला. वस्तूचा स्वभाव कळल्याशिवाय तिच्याबद्दल मत देणं योग्य नाही.

माझा डावा कट वर्षानुवर्षं कच्चा आहे. तरंगने तो दहापैकी आठ वेळा बसला. त्या खाचेचा चांगल्या बोटालाही उपयोग होतो. स्ट्रायकर हातातून निघतो तो जणू आपलं मन ओळखून. साडेआठपर्यंत खेळलो, वखारीत पोचायला उशीर झाला. आज रविवार, वखार अर्धा दिवस असते, म्हणून कोणी बोललं नाही.

येताना विचार करत होतो. एवढी मदत करणारी वस्तू. मदत घेऊन मिळवलेलं देवाला आवडतं का?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

त्रिपुरी पौर्णिमा. आज कौल लावला.

आमच्या देवगडकडच्या गावी कुठलाही अडला निर्णय ग्रामदेवाला विचारतात. देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि हात जोडून उभं राहायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावात हे गुरव करतो. मुंबईत देवाचा टाक आमच्या देव्हाऱ्यात आहे, वडील त्यालाच कौल लावत. मीही फक्त मोठ्या गोष्टींना लावतो. आजवर तीनदा लावला. लग्नाच्या वेळी, ही खोली घेताना, आणि आईचं ऑपरेशन करावं की नाही यासाठी.

आज तगरीच्या पाकळ्या लावल्या. मनात म्हटलं, देवा, तरंगला पहिल्या रकान्यात घ्यावं का?

उजवी पडली. लगेचच.

मग लक्षात आलं की पंखा चालू होता. वाऱ्याने पडलेली पाकळी म्हणजे कौल नव्हे. पंखा बंद करून पुन्हा लावला. उजवी पडली. पण त्या पाकळीला पाणी कमी लागलं होतं, ते मला लावतानाच जाणवलं होतं. तिसऱ्यांदा लावताना सुचित्रा चहा घेऊन आली आणि तिने बांगड्या वाजवल्या, त्यामुळे तो धरता येत नाही. तोही उजवाच होता.

सुचित्रा उभी राहून बघत होती. म्हणाली, "देवान पयल्यांदाच सांगल्यान ना? मग परत परत कित्याक इचारतास?"

मी म्हटलं, "तुला यातलं कळत नाही. मन शुद्ध होईपर्यंत विचारावं लागतं."

ती चहा ठेवून आत गेली.

चौथ्यांदा बराच वेळ उभा राहिलो. मन अगदी शांत झालं. आणि डावी पडली. हळूच, आपण होऊन सुटल्यासारखी. डोळ्यांत पाणी आलं. देव घाईत बोलत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी मंडळात निर्णय सांगितला. तरंग बाद केलेला नाही, हे सगळ्यांनी नीट ऐकावं असं आधीच म्हटलं. नव्या वस्तूला जागा द्यायला हवी आणि ती आपण दिली आहे. मग खडू घेऊन तिसऱ्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: तरंग.

हरेश्वर उठला, फळ्याजवळ गेला आणि वाचलं. वाचायला एकच शब्द होता.

"म्हणजे मी अपंगांत खेळायचं?"

"स्ट्रायकर विशेष गटात आहे," मी म्हटलं. "तुझ्याबद्दल कोणी काही म्हटलेलं नाही."

"पहिल्या रकान्यात का नाय?"

"व्यास, वजन सगळं बरोबर आहे. पण खाचेची मदत होते. मी माझ्या मनाने ठरवलं नाही, हरेश्वर. देवाला कौल लावला."

हे ऐकून तो माझ्याकडे बघत राहिला. समुद्रावरची माणसं देव मानतात.

विनीत म्हणाला, "पण काका, बरंच झालं ना. विशेष गटात तुम्ही एकटेच. पहिला नंबर फिक्स, शेवटचा पण फिक्स."

सगळे हसले. या वेळी हरेश्वर हसला नाही. विनीतला बोलायचं भान नाही, मी त्याला नजरेने दटावलं.

जाताना हरेश्वरने दारात विचारलं, "विशेष गटातून चषकाला नाव जातं का?"

मी नियमांची वही बघून सांगितलं. जातं. दवाखान्याचा दाखला लावला की विशेष गटाचा खेळाडू प्रौढ गटात खेळू शकतो, स्वतःच्या स्ट्रायकरने. मंडळाच्या ठरलेल्या नावाशिवाय जादा नाव म्हणून.

"मग दाखला आणतो," तो म्हणाला.

बघा, वाट निघाली. माझंही नाव जाईल, त्याचंही. मी हे सगळं धरून ठरवलं नव्हतं, पण देवाने किती नीट बसवलं. तरंग अजून माझ्याकडेच आहे. हरेश्वर मागायला विसरला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी हरेश्वरची बायको दमयंती आली. पाटी खाली ठेवून दारातच बसली. केळीच्या पानात गुंडाळून दोन पापलेटं आणली होती.

"भावोजी, तुमच्यासाठी वेगळी काढली."

"आज सोमवार," मी म्हटलं.

"उद्या करा."

"सोमवारी घरात आणतही नाही आम्ही."

तिने पान पुन्हा पाटीत ठेवलं. मग म्हणाली, "दोन वर्षं हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आता पहाटेचा उठतो, दाढी करतो, बोर्ड पुसतो. आठ दिवस सरकारी दवाखान्यात रांग लावतोय. सगळ्यांपुढे हात पुढे करायचा, बोटं मोजून द्यायची. कधी असं केलं नव्हतं त्याने. तुम्ही एक अक्षर इकडचं तिकडे केलंत तर हे काय लागणार नाय ना?"

मी समजावून सांगितलं की फळ्यावरचं अक्षर माझं नाही.

"मग खडू कोणाच्या हातात होता?" ती म्हणाली, पण हळू आवाजात. मग पाटी उचलून गेली. सुचित्रा तिला जिन्यापर्यंत सोडायला गेली आणि बऱ्याच वेळाने आली. डोळे लाल होते. बायकांचं मन हळवं असतं.

स्ट्रायकर परत मागायला आली असेल असं मला आधी वाटलं होतं. सकाळचा सराव चालू आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

हरेश्वरने दाखला आणला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न घालता. मंडळात सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला. तोच पांढरा सदरा घातला होता.

मी वाचला. अपंगत्व बावीस टक्के.

वही काढली. विशेष गटाला चाळीस टक्के लागतात. मला हे माहीत होतं का, असं मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. वहीत ते त्याच पानावर, खालच्या ओळीत आहे. त्या दिवशी मी वरची ओळ वाचून दाखवली होती, खालची वाचली नव्हती. विचारली नव्हती म्हणून वाचली नव्हती.

"अठरा टक्के कमी आहेत," मी म्हटलं.

हरेश्वरला कळायला वेळ लागला. "म्हणजे?"

"म्हणजे तू नियमाने अपंग नाहीस. चांगली गोष्ट आहे तशी."

विनीत म्हणाला, "अजून एक बोट द्यावं लागेल काका."

अप्पा म्हणाले, "विनीत, तोंड सांभाळ." पण त्यांच्या बाजूला बसलेले दोघं तोंडावर हात धरून होते.

हरेश्वरने दाखला माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा पिशवीत घातला. फार सांभाळून, जणू अजून कुठे लागणार आहे. म्हणाला, "मग मला साध्या स्ट्रायकरने खेळू दे. तुझ्याबरोबर. जो जिंकेल त्याचं नाव पाठवा. याला तरी नियम आहे ना?"

आहे. निवड सामना कोणीही मागू शकतो. रविवार ठरला.

८ डिसेंबर, रविवार

निवड सामना झाला. पहिला गेम पंचवीस शून्य, दुसरा पंचवीस शून्य. दोन्ही माझे.

खोली भरली होती. दारात आणि खिडकीतही माणसं होती. हरेश्वर साध्या स्ट्रायकरने मारायचा तेव्हा त्याचं थोटं बोट कडेवरून निसटायचं. स्ट्रायकर कधी अर्ध्यात थांबायचा, कधी आडवा जायचा. अनामिकेने मारून बघितलं, तिच्यात जोर नाही. डाव्या हाताने बघितलं, तेव्हा खिडकीतून कोणी तरी शीळ घातली.

मला वाटलं होतं की एखादी सोंगटी मुद्दाम सोडावी. पण अकरा वेळा चषक जिंकलेल्या माणसाला दया दाखवणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणून मी नेहमीपेक्षाही नीट खेळलो.

दुसऱ्या गेममध्ये त्याच्या बोटाचं टोक फुटलं. बोर्डावर रक्ताचे थेंब पडले. पावडरमध्ये रक्त मिसळलं की बोर्ड चिकट होतो. मी सामना थांबवला, रुमाल काढला आणि बोर्ड पुसला. रुमाल खिशात होता तो त्याचाच, तरंगबरोबर दिलेला. त्याने ओळखला. माझ्या ते नंतर लक्षात आलं.

"खेळायचं का पुढे?" मी विचारलं.

"खेळ."

शेवटची सोंगटी गेल्यावर त्याने रीतीप्रमाणे हात पुढे केला. मी मिळवला. त्याचा हात गरम होता. म्हणाला, "कट सुधारला तुझा. डावा."

मला बरं वाटलं. चांगला खेळाडू हरल्यावरही खेळ बघतो.

१५ डिसेंबर, रविवार

काल दत्तजयंती, उपवास होता. चषकासाठी माझं नाव गेलं. नावं द्यायची आज शेवटची तारीख होती.

२९ डिसेंबर, रविवार

विनीतने संध्याकाळी फोन वर धरून वाचून दाखवलं. वरच्या संघटनेचं पत्रक आलं आहे. नव्या स्ट्रायकरांची यादी आहे, तिच्यात तरंग सर्व सामन्यांसाठी मान्य. कारणही दिलं आहे. व्यास आणि वजन नियमात, कड गोल आणि गुळगुळीत.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो, ओल्या फडक्याने तिसऱ्या रकान्यातलं नाव पुसलं आणि पहिल्या रकान्यात लिहिलं. वरून आलेला नियम मानायला मला कमीपणा वाटत नाही.

अप्पा म्हणाले, "हरेश्वरला कोण सांगणार?"

मी म्हटलं, "नावं देऊन झाली. आता सांगून त्याला उगाच वाईट वाटेल."

अप्पांनी काठी घेतली आणि घरी गेले. त्यांना हल्ली थंडीत बसवत नाही.

तिसरा रकाना पुन्हा कोरा झाला. खडूची पांढरी खूण तेवढी राहिली आहे.

१२ जानेवारी, रविवार

चषक जिंकला. अंतिम सामना तीन गेमचा झाला. तरंगने खेळलो, मान्य स्ट्रायकर आहे. शेवटची सोंगटी डाव्या कटने घेतली. टाळ्या वाजल्या. माईकवर माझं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट.

कप आणून देवासमोर ठेवला. सुचित्राने दिवा लावला, पण कपाला कुंकू लावलं नाही. विचारलं तर म्हणाली, "तुमीच लावा."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वखारीतून लवकर सुटलो आणि तिळगूळ घेऊन वरळी कोळीवाड्यात गेलो. मनात काही राहू नये, असा हा सण आहे.

गल्ली अरुंद आहे, दोन्ही बाजूंना सुकट वाळत होती. हरेश्वर दारासमोर बसून जाळं शिवत होता. सुई डाव्या हातात, उजव्या हाताच्या थोट्या बोटाने धागा दाबून धरलेला. त्याच्या बाजूला दोन विटांवर त्याचा कॅरम बोर्ड आडवा ठेवला होता. त्यावर जवळा पसरला होता, वाळायला. चार भोकांच्या जाळ्या फाडून काढल्या होत्या, पाणी निथळावं म्हणून. मधल्या वर्तुळावर एक मांजर बसलं होतं, ते त्याने पायाने हाकललं.

मी तिळगूळ दिला. त्याने खाल्ला.

"जिंकलास म्हणे."

"देवाची कृपा."

"तरंगने?"

"हो. आता मान्य आहे तो. तुला कळलं असेलच."

"कळलं." तो धागा ओढत राहिला. आतून दमयंतीने पाणी आणलं नाही. मी मागितलं नाही.

मग जाळ्यावरून नजर न उचलता त्याने विचारलं, "जगदीश, एक सांग. तो कौल तू किती वेळा लावलास?"

मी म्हटलं, "एकदाच."

हे खोटं नाही. डावा एकदाच पडला, आणि खरा तोच होता. आधीचे तीन धरायचेच नव्हते, तर मोजायचे कसे?

तो म्हणाला, "आमच्यात पण लावतात. माझ्या बापाने एकदा लावला होता, वादळात बोट काढू का म्हणून. नाय म्हणाला देव. बापाने काढली नाय. घरात तीन दिवस चूल नव्हती, तरी दुसऱ्यांदा विचारलं नाय."

मी मान हलवली. श्रद्धेचं बोलणं ऐकून नेहमी बरं वाटतं. वाटलं, त्याच्या मनात आता काही नाही. निघताना त्याने उजवा हात पुढे केला. मी मिळवायला हात दिला, तर तो तळवा वर करून तसाच धरून बसला होता. काही तरी द्यायचं राहिलंय असा. मी त्यावर आणखी दोन तिळगूळ ठेवले.

१५ जानेवारी, बुधवार

काल परतताना वाटेत लक्षात आलं. तो बहुतेक स्ट्रायकर मागत होता.

सकाळपासून तोच विचार. वस्तू त्याची आहे. पण बोर्डावर जवळा वाळत घातलेल्या माणसाला स्ट्रायकरचा काय उपयोग? आणि माझा पुढच्या महिन्यात लालबागला सामना आहे. माझ्या मनाने काही ठरवू नये म्हणून पूजेनंतर कौल लावला. देवा, तरंग माझ्याकडेच ठेवू का?

उजवी पडली. पाकळीवरून हात काढताच.

पंखा चालू राहिला होता, हे नंतर लक्षात आलं. सुचित्रा दारात उभी होती. ती पंख्याकडे बघत होती, मग माझ्याकडे.

मी तिला म्हटलं, देवाने एकदा सांगितलं की पुन्हा विचारू नये.